ठरलेली कुस्ती

आखाड्यात जय कोणाचा, हे शेवटपर्यंत कळत नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या व्यावसायिक कुस्तीत मात्र तो आधीच ठरलेला असतो. ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या संस्थेने १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे तसे मान्यही केले. मग अशा कुस्तीचे परीक्षण करावयाचे ते कशाचे?

२९ मार्च १९८७ रोजी पाँटियाक येथे हल्क होगनने दोनशे किलोंहून अधिक वजनाच्या आंद्रेस उचलून आपटले व चीत केले. निकाल ठरलेला होता. वेदना खऱ्या होत्या. आंद्रेच्या पाठीवर आदल्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली होती; पोशाखाखाली आधाराचा पट्टा होता. उचलला जाणारा मल्ल आपले अंग सावरून साथ देतो, तेव्हाच असा डाव साधतो. जाणता परीक्षक म्हणूनच विजेत्यापेक्षा पडणाऱ्याकडे अधिक बारकाईने पाहतो.