‘मुंबई’ रक्तगट : एका अभावाचे व्याकरण

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. रूढ कसोटीने ह्या व्यक्ती ‘ओ’ गटाच्या ठरत. कारण त्यांच्या तांबड्या पेशींवर ‘ए’ किंवा ‘बी’ हे प्रतिजन आढळत नव्हते. तथापि त्यांचा रक्तरस ‘ओ’ गटाच्या पेशींचेही पुंजके करी. एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू नांदत होत्या, असा ह्याचा अर्थ होतो.

ह्याचे कारण तांबड्या पेशीच्या पटलात आहे. पटलातील काही प्रथिनांना (त्यांत ‘बँड ३’ हे प्रमुख) व मेदद्रव्यांना शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज ही शर्करा बसली, म्हणजे ‘एच’ हा प्रतिजन सिद्ध होतो. त्यावर आणखी एक शर्करा चढली तर ‘ए’ किंवा ‘बी’ होतो. काहीच न चढल्यास ‘ओ’.

व्याकरणाचा दृष्टान्त घेऊ. ‘घोडा’ ह्या शब्दाला ‘ला’ हा प्रत्यय थेट लागत नाही. आधी ‘घोड्या’ हे सामान्यरूप व्हावे लागते. ‘एच’ हे असे सामान्यरूप होय. ‘मुंबई’ गटात फ्यूकोज जोडणारे एंझाइम निरुपयोगी असते. त्याचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर, तर ‘ए’-‘बी’चे ९ व्या गुणसूत्रावर असते. त्यामुळे प्रत्यय उपलब्ध असूनही त्याला लागावयास रूप मिळत नाही. दृष्टान्ताची मर्यादा एवढीच, की येथे न लागलेला प्रत्यय नष्ट होत नाही. तो पुढील पिढीत संततीच्या रक्तात प्रकट होऊ शकतो.

हा अभाव स्वतः रोग नव्हे. अशी व्यक्ती निरोगी आयुष्य जगते. १९९२ मध्ये वर्णिलेल्या एका आनुवंशिक विकारात मात्र सर्व शरीरातच फ्यूकोजची जोडणी बिघडते. त्या बालकांचा रक्तगट ‘मुंबई’च असतो; परंतु पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भित्तीला चिकटू न शकल्याने त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतो व त्यांची वाढ खुंटते. चिन्ह एकच, कारणे दोन.

खरा धोका नावाचा आहे. ‘ओ’ समजून ‘ओ’ रक्त दिल्यास ते शिरांतच फुटते व प्राणही जाऊ शकतो. म्हणून केवळ पेशी तपासून भागत नाही. रुग्णाच्या रक्तरसाची ‘ओ’ पेशींशी गाठ घालून पाहिली पाहिजे. भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती ह्या गटाची असते, असे सामान्यतः मानतात. एकलहऱ्यासारख्या गावातील अशा व्यक्तीने गटाची नोंद सदैव जवळ बाळगावी व भावंडांचीही तपासणी करवावी. कारण एकाच आईबापांच्या प्रत्येक भावंडात हाच गट असण्याचा संभव किमान एकचतुर्थांश असतो. संकटकाळी सर्वांत जवळचा दाता बहुधा घरातच सापडेल.