पहिलं भाड्याचं घर : किल्ली घेण्याआधी

पुण्या-मुंबईत घर भाड्यानं घेताना होतो तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार, बहुधा 11 महिन्यांचा. 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999च्या कलम 55नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. तरीही नुसत्या नोटरीवर भागवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना ठाम नकार द्या.

खर्चाचा बाऊ नको. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, ते एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दरानं धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. भाडं 20 हजार आणि डिपॉझिट 60 हजार असेल, तर 11 महिन्यांसाठी ते साडेपाचशे-सहाशे रुपयांच्या घरात जातं. नोंदणी फी आणि एजंटचं कमिशन वेगळं. ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा लागतो.

करारात मेंटेनन्स कोण भरणार, नोटिशीची मुदत किती, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाचे पैसे त्यातून कापणार का, हे शब्दांत लिहून घ्या. भांडणं बहुतेक इथेच होतात.

सामान लावण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा : भिंतींची ओल, नळ, गिझर, वीजमीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा.