जन्म बारामतीचा, नागरिक कुठला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मावसबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी बारामतीत आली. ताई आणि दाजी दोघंही मूळचे इकडचेच, पण आता अमेरिकेचे नागरिक. मुलगा झाला, पेढे वाटले. आजी म्हणाली, "बारामतीत जन्मला, म्हणजे आपलाच!" दाजी हळूच म्हणाले, "कायद्याने नाही, आजी." आजीला काही ते पटलं नाही. मलाही नाही. म्हणून शोधाशोध केली.

आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. परदेशी राजदूतांची मुलं वगैरे सोडली, तर २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला प्रत्येक जण भारतीय. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवा, अशी अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात भर पडली, की दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आजीचं म्हणणं चूक नव्हतं, फक्त जुनं झालं होतं!

मग बाळ अमेरिकन कसं? त्यांच्या लेखी बारामती म्हणजे परदेश. आई-वडील दोघंही नागरिक आणि विवाहित असतील, तर एकाचं आधी तिथे वास्तव्य झालेलं असलं की पुरे. एकच नागरिक असेल तर त्याने बाळाच्या जन्माआधी अमेरिकेत एकूण ५ वर्षं काढलेली हवीत, त्यातली २ वयाच्या १४ वर्षांनंतरची. गणपतीला इकडे आलेले दिवस वजा होतात. पण एमएस करतानाचे दिवस मात्र धरतात!

पालक जन्मानंतर नागरिक झाला तर? २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार मूल १८ च्या आत असेल, ग्रीन कार्डवर असेल आणि त्या पालकाजवळ अमेरिकेत राहत असेल, तर आपोआप नागरिक होतं.

खरी धावपळ कागदांची. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. आम्ही लगेच केली, पण बारसं व्हायचं होतं, त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा कोरी! नाव घालून घेतल्यावर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जन्माची नोंद, मग पासपोर्ट, मग भारताबाहेर जायची परवानगी. तोवर दाजींची रजा संपली. संमतीपत्रावर सही करून ते एकटेच परत गेले. बाळाचं पहिलं हसू त्यांनी फोनवरच पाहिलं.

आपल्यापैकी उद्या कोणी दुबईला किंवा जर्मनीला नोकरीला जाईल. भारतीय पासपोर्ट ठेवून तिकडे मूल झालं, तर एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करा. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

आता बाळासाठी ओसीआय कार्ड काढायचं चाललंय. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं. आजी म्हणते, "कार्ड कसलंही असू दे, उन्हाळ्यात मामाच्या गावाला आला म्हणजे झालं."