हिशेब कोणाकडे मागायचा?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मनोरुग्णालयांच्या भिंतीआड कोंडलेल्यांवर वस्तीजवळच उपचार व्हावेत, हा त्याचा उद्देश. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. पुढे रुग्णालये रिकामी होत गेली. पण ठरवलेल्या १,५०० केंद्रांपैकी जेमतेम निम्मीच उभी राहिली.

मग बाहेर काढलेली माणसे गेली कुठे? हे सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने १९७७ च्या अहवालात तपासले. अनेकांना आवश्यक सेवा मिळत नाहीत आणि सरकारी खात्यांचा आपसात मेळ नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. सरकारी कागदच सरकारविरुद्ध साक्षीला उभा राहतो, तेव्हा आम्हा वकिलांना त्याची किंमत कळते.

१९८१ मध्ये रेगन सरकारने केंद्रांचे थेट अनुदान बंद केले, रक्कम कापली आणि उरलेली एकगठ्ठा राज्यांच्या हाती दिली. खर्चाचा तपशील वॉशिंग्टनला कळवण्याचे बंधनही सैल केले. मला कपातीपेक्षा हे गंभीर वाटते. आपल्या वस्तीतले केंद्र का बंद पडले, असा जाब रुग्णाच्या आईने विचारायचा तर कोणता कागद दाखवून?