१४५० अंशांची भट्टी

चुनखडक आणि थोडी माती एकत्र भाजून, बारीक दळून सिमेंट तयार होते. खडकातून चुना मिळतो. मातीतून सिलिका, ॲल्युमिना आणि लोह. या चौघांचे प्रमाण जुळले नाही तर पुढे कितीही कोळसा जाळा, हाती चांगले सिमेंट लागत नाही. म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसरात्र कच्च्या मालाचे नमुने तपासले जातात आणि त्यानुसार मिश्रण दुरुस्त केले जाते.

एक टन क्लिंकरसाठी, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या भाजलेल्या खड्यांसाठी, सुमारे दीड टन कच्चा माल लागतो. एवढा दगड लांबून वाहून आणणे परवडत नाही, तेव्हा कारखाना खाणीच्या उशाशीच उभारावा लागतो. महाराष्ट्रात हा मान चंद्रपूर जिल्ह्याकडे जातो. पैनगंगेच्या पट्ट्यात चुनखडक आणि वर्धा खोऱ्यात कोळसा, अशी दोन्हीची सोय तिथे आहे. घुग्गुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या गावांची नावे बांधकाम व्यवसायाला ठाऊक झाली ती त्यामुळेच.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४मध्ये ‘पोर्टलँड सिमेंट’चे पेटंट घेतले, मात्र त्याची भट्टी आजच्याइतकी तापत नव्हती. भारतात पोरबंदरला १९१४मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९३६मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली. पुढे कंट्रोल आणि परमिटचा काळ आला. सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादळात जानेवारी १९८२मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले पायउतार झाले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले, १९८९मध्ये पूर्ण गेले, आणि गोणी दुकानात सहज मिळू लागली.

कारखान्यात खरे लक्ष द्यावे असे यंत्र एकच: फिरती भट्टी. कामगार तिला ‘किल्न’च म्हणतात. साठ-सत्तर मीटर लांबीची, चार मीटर व्यासाची, किंचित उतार दिलेली ही पोलादी नळी मिनिटाला तीन-चार फेरे घेत असते. वरच्या तोंडाला उंच मनोरा असतो. त्यात भट्टीतून वर येणारे तप्त वायू आणि खाली उतरणारी दगडाची भुकटी समोरासमोर भेटतात. मनोऱ्याच्या तळाशी पोचेपर्यंत भुकटी नऊशे अंशांच्या आसपास तापते आणि चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड बराचसा तिथेच सुटून जातो. खालच्या तोंडातून कोळशाच्या भुकटीची ज्वाला आत फेकलेली असते. तिचे तापमान दोन हजार अंशांच्या घरात. या ज्वालेजवळ माल १४५० अंशांना पोचतो, त्याचा काही भाग वितळतो आणि त्या चिकट द्रवात चुना व सिलिका जुळून काळपट खडे बनतात.

पोलाद या उष्णतेत टिकणार नाही, म्हणून नळीला आतून उष्णतारोधक विटांचे अस्तर असते. विटांवर अर्धवट वितळलेल्या मालाचा थर बसतो. हे ‘कोटिंग’ जपणे ही भट्टी चालवण्यातली अर्धी विद्या. ते पातळ झाले की विटा झिजतात, वीट गळून पडली की नळीला बाहेरून लाल डाग दिसतो आणि काम बंद करावे लागते. ते फाजील वाढले की आत कडे धरते आणि मालाची वाट अडते. कंट्रोल रूममध्ये बसलेला ऑपरेटर ज्वालेचा रंग, नळीच्या पत्र्याचे तापमान, मोटर किती करंट ओढते हे पाहून आतल्या थराचा अंदाज बांधतो. माल चिकट झाला की मोटरवरचा भार वाढतो, कच्चा राहिला की उतरतो. दर थोड्या वेळाने खड्यांचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात मोकळा चुना जास्त निघाला तर भाजणी अपुरी झाली. असे सिमेंट भिंतीत गेल्यावर फुगून तडे पाडते.

तापलेली भट्टी एकाएकी थांबवताही येत नाही. जागच्या जागी राहिली तर स्वतःच्या वजनाने नळी वाकते. वीज गेली तरी डिझेल इंजिनावर तिला सावकाश फिरवत ठेवतात. पावसाळ्यात विशेष काळजी, कारण उघड्या नळीची वरची बाजू पावसाने गार होते आणि खालची तापलेलीच राहते. एवढ्या अजस्र यंत्राला पावसाच्या सरीची धास्ती असावी, हे मोठे गमतीचे आहे.

बाहेर पडताच खडे हवेच्या झोताने झटपट थंड करावे लागतात. सिमेंटला लवकर बळ देणारे ट्रायकॅल्शियम सिलिकेट रेंगाळत थंड झाले तर मोडू लागते. दुसरे डायकॅल्शियम सिलिकेट, ते उशिरा पण दीर्घकाळ ताकद देते. तिसरा घटक, ॲल्युमिनेट, पाण्याशी इतक्या घाईने भिडतो की माल घमेल्यातच आवळेल. त्याला आवर घालण्यासाठी दळताना चार-पाच टक्के जिप्सम मिसळतात. गोणीवरचा ४३ किंवा ५३ हा आकडा २८ दिवसांनंतरची दाब सोसण्याची ताकद सांगतो.

सिमेंटमध्ये वाळू, खडी आणि पाणी पडले की काँक्रीट. ते वाळून घट्ट होते हा समज चुकीचा आहे. सिमेंट पाणी पिऊन नवे स्फटिक आणि जेल तयार करते, म्हणून काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होते. एका ५० किलोच्या गोणीला या रासायनिक क्रियेपुरते जेमतेम बारा लिटर पाणी पुरते. माल हाताळता यावा म्हणून बावीस-पंचवीस लिटर घालतात. त्यापुढचे पाणी उडून जाते आणि मागे छिद्रे सोडते. डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८मध्येच दाखवले की पाणी वाढले की ताकद घटते. तरीही स्लॅबच्या दिवशी ‘माल ढिला कर’ ही आरोळी थांबलेली नाही.

छिद्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, काँक्रीटची अल्कता उतरवतो आणि सळईचे संरक्षण जाते. मुंबईसारख्या किनारपट्टीवर खारी हवा हे काम आणखी लवकर उरकते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून आधी तडा जातो, मग पोपडा पडतो. पाणी मारण्यातली हयगयही तितकीच महागात पडते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेल्याला दहा दिवस ओलावा हवा, असे भारतीय मानक सांगते. बाजारातल्या पुष्कळ गोण्या राखवाल्याच असतात.

याहून कठीण अडचण भट्टीतच आहे. शुद्ध चुनखडकाच्या शंभर किलोंतून चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू दगडातलाच असल्याने इंधन बदलून तो घटत नाही, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच. उपाय एकच दिसतो: गोणीत क्लिंकर कमी घालणे. त्याऐवजी वीजकेंद्रांची राख भारतीय मानकाप्रमाणे पस्तीस टक्क्यांपर्यंत चालते, पोलाद कारखान्यांची मळी त्याहूनही जास्त. पण कोळसा कमी जळू लागला की राखही कमी मिळणार. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारे सिमेंट हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. ही माती सातशे-साडेआठशे अंशांतच तयार होते, आणि अशा सिमेंटला भारतात २०२३मध्ये मानकही मिळाले आहे.