घरच्या ओढीतून जगाकडे

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेखही आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानाने बांधलेल्या या वास्तूने दोन्ही भाषा आपल्याच मानल्या. वैश्विकता म्हणजे गावाशी नाळ तोडणं, ही समजूत इथेच डळमळते, आणि याच मुलखाच्या कादंबरीत ती पार कोसळते. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीचा नायक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननात रमलेला आहे. वडील अत्यवस्थ असल्याचं कळताच तो फाळणीची सीमा ओलांडून खानदेशातल्या मोरगावकडे निघतो. बापाविषयीच्या त्या कालवाकालवीतूनच हजारो वर्षांची माणसं त्याच्या मनात गर्दी करतात.

नेमाडे तर देशी परंपरेचा आग्रह धरणारे देशीवादी, मग हे विश्वभान कसलं, असा आक्षेप येईल. पण देशीवादाचं भांडण उसनवारीशी आहे, परक्या माणसाशी नाही. त्याहून गंभीर शंका अशी, की आपल्यांची माया परक्यांचा द्वेषही शिकवते. हे खरंच आहे. खंडेरावची माया मात्र डोळस आहे. घरातलं, जातीतलं क्रौर्य तो उत्खननातल्या थरांसारखं उकरून पाहतो. अमिताव घोष यांच्या ‘द शॅडो लाइन्स’ (१९८८) या कादंबरीतली आजीही जन्मगावाच्या ओढीने ढाक्याला निघते, तेव्हा विमानातून सीमारेषा दिसेल का, असं विचारते. तो प्रश्न तिला पडतो तो घर आठवतं म्हणूनच.