हाड जुळेपर्यंत

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक असे सारेच सायकलवरून ये-जा करीत. पुढे स्वयंचलित दुचाकी आल्या आणि सायकल मागे पडली. गेल्या काही वर्षांत तीच सायकल निराळ्या रूपाने भारतातील अनेक शहरांत परतली आहे. पहाटे साडेपाचच्या सुमारास पुणे, नाशिक, बंगळूरु, हैदराबाद अशा शहरांबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे गट दिसतात. त्यांत बँकेतील कर्मचारी असतात, शिक्षक असतात, दुकानदार आणि गृहिणीही असतात. सायकल हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नसते. नऊ वाजता घरी परतून, डबा घेऊन त्यांना कामावर जायचे असते. अशांना हौशी सायकलपटू म्हणतात.

हौस म्हणजे हलक्याने घ्यायची गोष्ट, असे मात्र नाही. फ्रान्समध्ये उगम पावलेली ‘ब्रेव्हे’ ही लांब पल्ल्याच्या सायकल-प्रवासाची पद्धत भारतातही रुजली आहे. या प्रवासात कोणाचा क्रमांक लावला जात नाही; ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करावयाचे असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास अशी मर्यादा आहे. एकाच हंगामात ही चारही अंतरे कापण्यासाठी लोक वर्षभर तयारी करतात. पॅरिस ते ब्रेस्त आणि परत हा सुमारे १,२०० किलोमीटरचा प्रसिद्ध प्रवास तर चार वर्षांतून एकदाच होतो; २०१९ नंतर तो २०२३ मध्ये झाला. ऐन तयारीच्या महिन्यात एखादा स्वार पडला, तर त्याचे काय हुकते हे यावरून ध्यानात येईल. दुखापतीनंतरची घाई बहुधा येथूनच सुरू होते.

सायकलवरून पडणाऱ्याला होणाऱ्या दुखापतींमध्ये गळ्याखालच्या आडव्या हाडाचा मोड विशेष आढळतो. या हाडाला शास्त्रीय भाषेत जत्रुक, तर बोलण्यात ‘कॉलरबोन’ म्हणतात. हाताला छातीच्या पिंजऱ्याशी जोडणारा हा एकमेव अस्थिमय दुवा होय. स्वार खांद्यावर आदळला, की आघाताचा सारा जोर या बारीक, किंचित वळणदार हाडावर येतो आणि ते बहुतेक वेळा मधल्या भागात मोडते. गर्भावस्थेत सर्वांत आधी घडू लागणारे हाड हेच, आणि पूर्ण पक्व होण्यास सर्वांत जास्त वेळ घेणारेही हेच. विशी उलटल्यावरच त्याचे आतले टोक पूर्णपणे जुळते. अर्थात पडलेल्या माणसाच्या हाडाकडे पाहण्याआधी त्याच्या डोक्याकडे पाहिले पाहिजे. शुद्ध हरपणे, उलटी होणे, वाढत जाणारी डोकेदुखी, घडलेले न आठवणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ‘मी ठीक आहे’ असे म्हणून पुन्हा सायकलवर बसणाऱ्या जखमीचे त्या दिवशी ऐकू नये.

मोडलेले हाड कसे जुळते, ही शरीरातील एक विलक्षण प्रक्रिया आहे. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साचून त्याची गुठळी होते. तेथे सूज येते. ही सूज म्हणजे दुरुस्तीच्या कामाचा आरंभच असतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये कूर्चेसारखा मऊ दुवा तयार होतो. हा दुवा टोकांना जवळ धरून ठेवतो. पण भार पेलण्याची ताकद त्याच्यात नसते. पुढे त्यात चुन्याचे क्षार साठत जातात आणि मऊ दुव्याचे कठीण हाड बनते. प्रौढ माणसात जत्रुकाला या अवस्थेपर्यंत पोहोचण्यास साधारणतः सहा ते बारा आठवडे लागतात. त्यानंतरही काम संपत नाही. जुळलेल्या जागची ओबडधोबड गाठ झिजवून हाडाला पूर्वीचा घाट देण्याचे काम कित्येक महिने चालते. हाडावर जसा भार येतो तशी त्याची आतली रचना बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यचिकित्सक यूलियुस वोल्फ याने १८९२ मध्ये मांडला. म्हणजे हाडाला आधी विश्रांती हवी आणि नंतर बेताचा भारही हवा. प्रश्न असतो तो वेळ ओळखण्याचा.

अडचण अशी, की ही वेळ दुखण्यावरून ओळखता येत नाही. मऊ दुवा तयार होऊ लागला, की टोकांची हालचाल कमी होते आणि वेदना झपाट्याने ओसरते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुष्कळांना हात जवळजवळ बरा झाल्यासारखा वाटतो. वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर हा भास आणखीच लवकर होतो. हाड मात्र त्या वेळी अर्ध्या वाटेवर असते. या दिवसांत पुन्हा पडणे, एवढेच नव्हे तर जड वस्तू झटक्याने उचलणेही, कच्चा दुवा तोडू शकते. मोडानंतरचा सर्वांत धोक्याचा काळ म्हणून वेदनेचा पहिला आठवडा सांगितला जातो. वास्तविक वेदना थांबल्यानंतरचे चार-पाच आठवडे अधिक जोखमीचे असतात, कारण त्या काळात माणसाला अडविणारे आतून काहीच नसते.

सायकलच्या इतिहासातील एक प्रसंग या बाबतीत नेहमी सांगितला जातो, पण बहुधा अर्धाच. १९५६ च्या इटलीच्या राष्ट्रीय परिक्रमेत, म्हणजे ‘जिरो दितालिया’ या शर्यतीत, फिओरेंझो मान्यी हा पस्तीस वर्षांचा स्पर्धक उतारावर पडला आणि त्याचे डावे जत्रुक मोडले. त्याने शर्यत सोडली नाही. बोलोन्याजवळच्या चढावर डाव्या हाताने हँडल ओढता येईना, तेव्हा त्याच्या कारागिराने सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा हँडलला बांधून दिला आणि त्याचे दुसरे टोक दातांत धरून मान्यीने चढ पार केला. त्याचे ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. अखेरीस तो दुसऱ्या क्रमांकावर आला. सांगायचे राहून जाते ते हे, की अधू हातामुळे ब्रेक नीट दाबता न आल्याने तो त्याच शर्यतीत पुन्हा पडला आणि त्याच्या दंडाचे हाडही मोडले. मान्यीच्या जिद्दीबद्दल आदर वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्याचे ते शर्यतीतील अखेरचे वर्ष होते आणि सायकल हा त्याचा व्यवसाय होता. सोमवारी सकाळी कचेरीत जाऊन याच हाताने लिहायचे, मुलाला उचलायचे किंवा दुकानातील पोती हलवायची, असा ज्याचा दिनक्रम आहे, त्याने हा कित्ता गिरवण्याचे कारण नाही.

जत्रुकाच्या बहुतेक मोडांना शस्त्रक्रिया लागत नाही. हात झोळीत घालून गळ्यात अडकवणे आणि ठरावीक अंतराने क्ष-किरण चित्र काढून पाहणे एवढ्यावर ते बरे होतात. हाडाची टोके एकमेकांपासून फार दूर सरकली असतील, तुकडे झाले असतील किंवा टोक कातडी फाडून बाहेर येऊ पाहत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ धातूची पट्टी आणि स्क्रू बसवतात. पट्टी बसवलेल्या रुग्णाला लवकर मोकळे वाटते आणि येथेच त्याची फसगत होऊ शकते. पट्टी हाडाला जागेवर धरून ठेवते. जोडण्याचे काम हाडालाच करावे लागते. ते पुरे होण्याआधी भार पडत राहिला, तर पट्टी वाकते, प्रसंगी तुटतेही. आपल्याकडे अजूनही पुष्कळ लोक प्रथम हाडवैद्याकडे जातात. काही हाडवैद्यांचा हात कुशल असतो हे खरे. परंतु क्ष-किरण चित्राशिवाय मोड कसा आहे हे नक्की कळत नाही. ताज्या मोडावर तेल लावून चोळणे घातक आहे. आवळून बांधलेल्या पट्ट्यांनी रक्तप्रवाह बंद पडून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. बोटे थंड पडली, निळसर झाली किंवा बधिर झाली, तर पट्टी तत्काळ सोडवली पाहिजे. ज्याला तंबाखू ओढण्याची सवय आहे, त्याने निदान हाड जुळेपर्यंत तरी ती सोडावी. धूम्रपानाने हाड जुळण्यास विलंब लागतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे.

मग या काळात करावयाचे काय? हात गळ्यात असला तरी बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसांपासून चालू ठेवता येते, नव्हे, ठेवलीच पाहिजे. अन्यथा खांद्याबरोबर ते सांधेही आखडतात. डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर पुढे वाकून हात सैल सोडावा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलके हलके झुलवावा. हा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे. आदल्या महिन्यात शंभर किलोमीटर सायकल चालवलेल्या माणसाला तो करताना थोडी लाजही वाटते. तरीही खांदा पुढे किती मोकळा होणार, हे पुष्कळसे अशाच हालचालींवर ठरते. आहारात डाळी, कडधान्ये, दूध, अंडी असे प्रथिने आणि चुना देणारे पदार्थ असावेत. अंथरुणाला खिळून राहण्याचे तर काहीच कारण नसते, कारण पाय शाबूत असतात. रोजचे चालणे हा या दिवसांतील उत्तम व्यायाम होय. सायकल चालवताना शरीराचा भार बैठकीवर असतो, हाडांवर तो फारसा येत नाही. म्हणून केवळ सायकलच चालवणाऱ्यांची हाडे अपेक्षेइतकी बळकट नसतात. चालण्याने ही उणीव काही अंशी भरून निघते.

कमावलेला दम जाईल, ही धास्ती हौशी स्वारांना फार सतावते. ती सर्वस्वी निराधार नाही. सराव थांबताच काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग कमी होतो आणि हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कसलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी, तर आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. त्यापुढे ती घसरण थांबली. म्हणजे नुकसान होते, पण सारे काही धुऊन जात नाही. आणि दम परत येतो तो हाडापेक्षा लवकर. घरात स्टँडवर घट्ट बसवलेली सायकल असेल, तर वेदना आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, ताठ बसून आणि दुखऱ्या हातावर मुळीच न रेलता हलके पेडल मारता येते. चढताना व उतरताना कोणी तरी शेजारी असावे. तेथेही तोल जाऊ शकतो.

वेळ देणाऱ्यांचे उदाहरण हवे असेल, तर ते अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड याचे घ्यावे. १९८६ मध्ये फ्रान्सची परिक्रमा जिंकल्यानंतर, १९८७ च्या एप्रिलमध्ये शिकारीच्या वेळी चुकून सुटलेल्या गोळीने तो मरणोन्मुख झाला. पुढील दोन वर्षांच्या परिक्रमांत तो नव्हता. १९८९ मध्ये तो परतला आणि अवघ्या ८ सेकंदांच्या फरकाने जिंकला. त्या ८ सेकंदांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मधल्या दोन वर्षांविषयी त्या मानाने थोडेच.

व्यावसायिक खेळाडूमागे डॉक्टर, प्रशिक्षक आणि संघ उभा असतो. हौशी माणसामागे त्याचे घर असते. आंघोळ करणे, सदऱ्याची बटणे लावणे, केस विंचरणे यांसाठी त्याला काही आठवडे दुसऱ्याचा हात लागतो. रजा संपते. रोजंदारीवर असेल तर तेवढे दिवस मिळकत बुडते. ‘या वयात सायकली कशाला हव्यात?’ असा प्रश्न एखादी आत्या किंवा शेजारचे काका विचारतातच आणि तो जिव्हारी लागतो. रोजचा व्यायाम एकाएकी थांबल्यामुळे झोप बिघडते, चिडचिड होते. हा स्वभावाचा दोष नसून दुखापतीचाच एक भाग आहे, हे घरच्यांनी समजून घ्यावे. सायकलींच्या गटापासून मात्र रुग्णाने दूर राहू नये. रविवारी फेरीनंतर मंडळी ज्या टपरीवर चहा-पोह्यांना थांबतात, तेथे बसने किंवा कोणाच्या गाडीवर मागे बसून जाता येते. अशा वेळी सोबत्यांनी ‘केव्हा येतोस?’ असे दर खेपेला विचारण्याचा मोह टाळलेला बरा. ज्याला सायकलनेच कामावर जावे लागते, त्याची स्थिती अधिक कठीण असते. त्याच्यासाठी थांबणे म्हणजे हौसेला मुरड घालणे नव्हे, तर रोजच्या बसभाड्याची तजवीज करणे होय.

रस्त्यावर परत कधी जावे, याचा निर्णय क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरांनी द्यावयाचा असतो. त्या अनुमतीनंतरही स्वाराने स्वतः काही गोष्टी पारखून घ्याव्यात. हात खांद्याच्या वर सहज जातो का? भिंतीला दोन्ही तळवे लावून रेलल्यावर दोन्हींकडे सारखाच जोर लागतो का? सायकल उभी असताना दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीने दाबता येतात का? यांपैकी कशातही उणे असेल, तर मान्यीची दुसरी पडझड आठवावी. पहिल्या फेऱ्या सपाट, ओळखीच्या आणि कमी रहदारीच्या रस्त्यावर, अर्ध्या-पाऊण तासाच्याच असाव्यात. खड्ड्यांचे धक्के थेट खांद्यापर्यंत पोहोचतात, म्हणून हँडल थोडे वर घेतल्यास हातांवरचा भार हलका होतो.

एवढे झाले तरी भीती उरतेच. जेथे पडला ते वळण आले, की स्वाराचे खांदे ताठ होतात, मूठ आवळली जाते आणि ताठरलेल्या हातांनी सायकल वळवणे अधिकच अवघड होते. अशा माणसाला भित्रा म्हणून हिणवणे चूक आहे. एखाद्या मोकळ्या मैदानात हळूहळू वळणे घ्यावीत, ब्रेक दाबून थांबण्याचा सराव करावा आणि मग एखाद्या शांत सोबत्याला पुढे ठेवून त्याच वळणावरून सावकाश जावे. काहींना हे दोन खेपांत जमते, काहींना दोन महिने लागतात.

सायकलचीही तपासणी करून घ्यावी लागते. आदळलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी त्याचा आतला थर आघाताने दबलेला असतो आणि तो दुसऱ्या आघाताला उपयोगी पडत नाही, ते बदलावे. सांगाडा किंवा पुढचा चिमटा कार्बनचा असेल, तर त्यातील तडा डोळ्यांना न दिसताही असू शकतो. म्हणून जाणत्या कारागिराकडून तो पाहून घ्यावा, चाकांचे आरे व ब्रेकच्या तारा तपासाव्यात आणि हँडल सरळ बसले आहे याची खात्री करूनच सायकल दाराबाहेर काढावी.